तंबाखूविरहित वनौषधी धूम्रपान : पर्याय की आभास?

बीजसंज्ञा : धूमपान, वनौषधी विडी, निकोटिन, ज्वलन, व्यसनमुक्ती

प्रस्तावना :
तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांपुढे तुळस, ज्येष्ठमध, दालचिनी, लवंग इत्यादी वनस्पतींची विडी किंवा सिगारेट निरुपद्रवी पर्याय म्हणून ठेवली जाते. ‘आयुर्वेदातही धूमपान सांगितले आहे’, असा आधारही दिला जातो. विद्यार्थ्यांकडून हा युक्तिवाद ऐकणाऱ्या प्राध्यापकांस त्याची शहानिशा करता यावी, या हेतूने प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

चरकसंहितेतील धूमपान :
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाचे प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे तीन प्रकार वर्णिले आहेत. वनस्पतींचा कल्क बोरूसारख्या काडीवर लेपून आठ अंगुळे लांबीची वर्ती वाळवावी, काडी काढून तिला स्नेह लावावा व ती नळीतून ओढावी, असा विधी आहे. नळीची लांबी प्रकारानुसार २४ ते ३६ अंगुळे सांगितली आहे. कारण दुरून आलेला धूर इंद्रियांना बाधत नाही. काळ व मात्रा ठरलेली असून अतिरेकाने बधिरता, अंधत्व, रक्तपित्त व भ्रम संभवतात, असा इशाराही आहे. गर्भिणीस ते वर्ज्य आहे. म्हणजेच हा मुख्यत्वे मानेच्या वरच्या भागातील कफ-वातविकारांसाठीचा नियमबद्ध उपचार होय. तंबाखू भारतात आली ती पोर्तुगिजांमार्फत. अकबराच्या दरबारी ती सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने विजापूरहून नेली. तेव्हा चरकसंहितेने तंबाखूला पर्याय सुचविला, असे म्हणणे कालविपर्यासाचे ठरते.

ज्वलनाचे परिणाम :
वनौषधी विडीत निकोटिन नसते, हे खरे. परंतु धूम्रपानाची हानी केवळ निकोटिनमुळे होत नाही. निकोटिन प्रामुख्याने व्यसन जडविते. फुप्फुसे व हृदय यांना बाधणारे डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बन ही ज्वलनाची अपत्ये आहेत. पान तंबाखूचे असो वा तुळशीचे, जळताना ती निर्माण होतातच. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने जोडला जातो. शिवाय निकोटिनची ओढ शमत नाही आणि हात ओठांकडे नेण्याची सवय मात्र टिकते. परिणामी पुन्हा तंबाखूकडे वळण्याची वाट मोकळी राहते.

कायद्यातील उणीव :
अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००० साली वनौषधी सिगारेटविषयीच्या जाहिरातींवर कारवाई करून, त्यांतूनही डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, असा इशारा देण्यास उत्पादकांना भाग पाडले. भारतात २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली. मात्र या कायद्यातील धूम्रपानाची व्याख्याच तंबाखूपुरती असल्याने तंबाखूविरहित विडी त्याच्या कक्षेबाहेर राहते. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर तिच्या विक्रीस हा कायदा आड येत नाही.

निष्कर्ष :
तंबाखूऐवजी दुसरे पान जाळणे हा व्यसनमुक्तीचा मार्ग नव्हे. समुपदेशन, तसेच २ किंवा ४ मिलिग्रॅम निकोटिन असलेले च्युइंगम यांसारखी साधने धुराविना ओढ आटोक्यात आणतात. खरा पर्याय तेथे आहे. कायदा जेथे मौन पाळतो, तेथे शिक्षकाने बोलणे अगत्याचे ठरते.