आहारवर्तन विकृती : स्वरूप आणि विद्यार्थ्यांना साहाय्य

प्रास्ताविक :

उपवास, व्रत आणि मिताहार यांना आपल्या समाजात प्रतिष्ठा आहे. त्यामुळे अकरावीतील एखादी विद्यार्थिनी सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपवास वाढवीत गेली तर घरी तिचे कौतुकच होते. वजन उतरले तर मैत्रिणी हेवा करतात. या कौतुकाच्या आड एक गंभीर आजार वाढत असण्याची शक्यता मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. अशा आहारवर्तन विकृतींचे स्वरूप स्पष्ट करणे आणि प्राध्यापकाला त्यासंबंधी काय करता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञा व स्वरूप :

इ. स. १८७३ मध्ये लंडन येथे विल्यम गल आणि पॅरिस येथे शार्ल लासेग या वैद्यांनी स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. गल यांनी रूढ केलेली ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ ही संज्ञा काहीशी फसवी आहे. तिचा शब्दार्थ भूक नसणे असा होतो. प्रत्यक्षात रुग्णाला भूक लागते, ती तो दडपीत असतो. १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन केले. यात अल्पावधीत अनावर खाणे आणि त्यानंतर वांती, जुलाबाची औषधे किंवा कडक उपवास यांद्वारे त्याची भरपाई करणे, असे चक्र चालते. या रुग्णांचे वजन पुष्कळदा सर्वसाधारण असते, म्हणून आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. अनावर खाणे आहे पण भरपाई नाही, तसेच वजनाची चिंता नसतानाही आहार धोकादायकरीत्या आकुंचित झाला आहे, अशा अवस्थांनाही २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. हे विकार मुलांमध्येही आढळतात. ते केवळ मुलींचे मानणे चुकीचे ठरेल.

भारतीय संदर्भात एक बाब विशेष लक्षणीय आहे. दिल्ली येथील मानसोपचारतज्ज्ञ खंडेलवाल, शरण व सक्सेना यांनी १९९५ मध्ये पाच तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात अन्न नाकारणे, वांत्या व वजनघट ही लक्षणे होती. परंतु पाश्चात्त्य वर्णनांत केंद्रस्थानी असलेली लठ्ठपणाची भीती व देहप्रतिमेतील विकृती दिसून आली नाही. ‘मला जाड व्हायचे नाही’ हे वाक्य ऐकू येण्याची वाट पाहत बसल्यास आपल्याकडील अनेक विद्यार्थी नजरेतून सुटतील. ‘पोट भरल्यासारखे वाटते’, ‘अन्न पचत नाही’, ‘उपवास आहे’ ही कारणे अधिक ऐकू येणे संभवते.

उपासमारीचा मनावरील परिणाम :

‘एवढी हुशार मुलगी, तिला समजावले तर कळेल’ ही आपली स्वाभाविक समजूत. ती कोठे तोकडी पडते, हे मिनेसोटा विद्यापीठातील एका प्रयोगावरून समजते. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवक तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले व त्यांचे वजन जवळपास एकचतुर्थांशाने घटू दिले. हे तरुण अन्नाच्या विचारांनी झपाटले गेले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास तासन्‌तास पुरवू लागले, चिडचिडे व एकलकोंडे झाले. पुढे मुबलक अन्न मिळू लागल्यावरही काहींना खाणे आवरता आले नाही. यांपैकी कोणालाही आधी आहारविकृती नव्हती. म्हणजेच हट्टीपणा, लपवाछपवी वा ताटातील अन्न चिवडत बसणे या ज्या गोष्टी आपण स्वभावदोष मानतो, त्यांतील बराच भाग उपासमारीचा परिणाम असतो. आधी शरीराचे पोषण आणि मग समुपदेशन, हा क्रम त्यातूनच येतो.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेली कुटुंबाधारित उपचारपद्धती याच विचारावर उभी आहे. आईवडिलांना दोषी न ठरवता, मुलाला पुन्हा जेवते करण्याची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडेच सोपविली जाते. १९८७ च्या तुलनात्मक अभ्यासात, लहान वयात सुरू झालेल्या व तीन वर्षांहून कमी काळ टिकलेल्या ॲनोरेक्सियात कुटुंबासह केलेला उपचार अधिक फलदायी ठरला. येथे विलंबाची किंमत मोठी आहे.

प्राध्यापकाची भूमिका :

निदान हे आपले काम नव्हे. लक्षात येणे हे आहे. डबा न उघडता परत नेणे, उकाड्यातही स्वेटर घालणे, केस गळणे, चक्कर येणे, जेवणानंतर लगेच स्वच्छतागृहात जाणे, आजारी असतानाही व्यायाम न चुकविणे या खुणा पाहाव्यात. वसतिगृहात हे सर्वप्रथम ध्यानी येते ते भोजनगृहातील मावशींच्या. त्यांना कोणी विचारीत नाही, एवढेच.

बोलणे एकांतात व्हावे आणि विषय वजनाचा नसावा. ‘हल्ली तू फार थकलेली दिसतेस, मला काळजी वाटते’ एवढे पुरेसे आहे. नकार आला तरी काही दिवसांनी पुन्हा विचारावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण पालकांना कळविणे अपरिहार्य ठरू शकते. भोवळ, छातीत धडधड वा वारंवार वांती असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पोटॅशियम घटल्याने हृदयाची लय बिघडू शकते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक असते. ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. मानसिक साहाय्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

आरोग्य तपासणी शिबिरात वर्गासमोर वजन मोठ्याने पुकारण्याची प्रथा, प्रस्तुत लेखिकेच्या मते, तत्काळ बंद व्हावी. उपचारानंतर विद्यार्थिनी वर्गात परतते तेव्हाही जिभेवर ताबा हवा. ‘वा, तब्येत सुधारली!’ हे आपण प्रेमाने म्हणतो. तिला त्यातून ‘तू जाड झालीस’ एवढेच ऐकू येते आणि त्या दिवशीचा डबा पुन्हा न उघडता घरी जातो.