डोक्याला मार लागलेलं लेकरू शाळेत परत आलं. आता गुरुजींनी काय करायचं?

दुचाकीवरून पडणं, झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडणं, असे अपघात गावात नवे नाहीत. टाके निघतात, जखम भरते आणि महिना-दोन महिन्यांनी पोरगं शाळेत येतं. वरून धडधाकट दिसतं. पण आधी भराभर पाढे म्हणणारं पोर आता मध्येच अडकतं, चिडतं, बाकावर डोकं टेकवून झोपतं. मग शिक्का बसतो, ‘आळशी झालंय.’ इथंच चूक होते.

मेंदूची इजा बाहेरून दिसत नाही. लक्ष देणं, लक्षात ठेवणं, राग आवरणं ही सगळी मेंदूचीच कामं. त्यामुळं थकवा, डोकेदुखी, विसरभोळेपणा, गोंगाट सहन न होणं हे त्या इजेचे परिणाम असू शकतात. काही अडचणी तर वरच्या वर्गात, अभ्यास अवघड झाल्यावरच कळतात.

नव्या शिक्षकांची तयारी कुठं कमी पडते?

बी.एड.ला समावेशक शिक्षणाचा विषय असतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकतो. मात्र कायद्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत अपघातातली मेंदूची इजा वेगळ्या नावानं नाही. म्हणून असं मूल शाळेच्या नोंदीतून सहज निसटतं. इजेमुळं चालणं, बोलणं किंवा बुद्धी यावर कायमचा परिणाम झाला असेल, तर त्या प्रकारात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. जिल्हा रुग्णालयात विचारा.

वर्गात काय करता येईल?

- पहिल्याच दिवशी पालकांशी बोला, डिस्चार्ज कार्ड बघा.
- सुरुवातीला अर्धा दिवस शाळा. मध्ये विश्रांती द्या.
- एका वेळी एकच सूचना. ती फळ्यावरही लिहा.
- पुढं, दार-खिडकीच्या गोंगाटापासून लांब बसवा.
- उत्तराला वेळ द्या, गृहपाठ कमी द्या.
- डॉक्टर हो म्हणेपर्यंत कबड्डी, खो-खो बंद. बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर धोका मोठा.
- काय जमलं, कधी थकलं, याची वहीत नोंद ठेवा. डॉक्टरांना ती फार कामाला येते.

एकट्यानं सगळं ओढायची गरज नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलवा.

पालकांनो, हे लक्षात ठेवा

मार लागल्यावर वारंवार उलटी, झटका, वाढती डोकेदुखी किंवा जास्त गुंगी दिसली, तर थांबू नका, 108 ला फोन लावा. आणि चार वर्षांवरच्या मुलालाही दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. शेतापर्यंतच जायचंय, म्हणून सोडू नका.

पोर मुद्दाम करत नाही, एवढं गुरुजींनी आणि घरच्यांनी ओळखलं, तरी त्याची शाळा सुटणार नाही.