वार्धक्यातील विस्मृती व दोन भाषांचा व्यवहार

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने वृद्धांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या म्हणीने केले असेल. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे हा वयाचा परिणाम होय; परंतु रोजची वाट चुकणे, सुट्या पैशांचा हिशेब न लागणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे ही स्मृतिभ्रंश या विकाराची लक्षणे असू शकतात. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ व त्यावरील वयाच्या ७.४ टक्के भारतीयांना हा विकार असतो. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आढळले. खेड्यातील मोकळी हवा व कष्टाचे जीवन यांमुळे तेथील वृद्ध सुरक्षित असतात, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

धारवाड जिल्ह्यातील कलघटगीसारख्या ठिकाणी मराठी कुटुंबाचा दिवस दोन भाषांत जातो. घरी मराठी आणि बाजारात, बसस्थानकावर व कचेरीत कन्नड. याला कोणी विद्या मानीत नाही. तथापि हैदराबाद येथील निजाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. विशेष हे की, ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते अशांतही हा फरक आढळला. म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. तिसरी, चौथी भाषा येत असल्याने अधिक लाभ झाल्याचे मात्र दिसले नाही. एक भाषा बोलताना दुसरी आवरून धरावी लागते आणि या नित्याच्या सरावाने मेंदूची अवधानशक्ती टिकून राहत असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. हा अभ्यास रुग्णालयात आलेल्या रुग्णांपुरताच होता व अन्य देशांतील सर्वच पाहण्यांनी त्यास दुजोरा दिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

याहून व्यापक काम कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात चालले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने तेथील पंचेचाळीस वर्षांवरील ग्रामस्थांची दीर्घकालीन पाहणी हाती घेतली असून दहा हजारांचे उद्दिष्ट ठेवले आहे. रोग जडण्यापूर्वीपासून माणसाचा आहार, रक्तदाब, साखर व स्मरणशक्ती यांची नोंद ठेवल्याखेरीज कारणांचा उलगडा होत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मंद दृष्टी व एकाकीपणा आहेत. बहिरेपणाचाही त्यांत समावेश आहे. ऐकू न येणारा वृद्ध हळूहळू कट्ट्यावरच्या गप्पांतून बाजूला पडतो आणि घरातील माणसेही त्याच्याशी कामापुरतेच बोलू लागतात.

विस्मरणाची शंका येताच रुग्णास तालुका रुग्णालयात दाखवावे. पुढील तपासणीसाठी धारवाड येथे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. थायरॉइडचा विकार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा खिन्नता यांमुळे येणारे विस्मरण उपचाराने सुधारू शकते. रुग्णाबरोबर रोज सोबत राहणारी व्यक्ती असावी व घरी मराठी बोलली जात असल्यास डॉक्टरांना तसे प्रथमच सांगावे. मागाहून शिकलेल्या भाषेत विचारलेल्या प्रश्नांवर वृद्ध अडखळला, तर दोष स्मृतीचा की भाषेचा, हे ठरविणे कठीण जाते.