जड वजन सावकाश उतरवणारी लहानशी झडप

औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातील शेतकऱ्याला पलटी नांगर आणि डंपिंग ट्रॉली आता नवीन नाहीत. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादकडील फरशीच्या खाणींवर चालणाऱ्या टिपरमध्येही तीच तेलाची यंत्रणा असते. लिव्हर ओढला की वजन वर जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते खाली किती वेगाने येते, हे कशावर ठरते? त्याविषयी आज थोडे सांगावे असे आम्हांस वाटते.

तेल दाबले तरी फारसे आकसत नाही. म्हणून पंपाने ढकललेले तेल जॅकमध्ये शिरले की दांडा बाहेर सरकतो. तेलाच्या दाबावर ताकद अवलंबून असते, आणि दर मिनिटाला किती तेल जाते यावर वेग. वजन उतरवताना हेच तेल टाकीकडे परतते. त्याची वाट मोकळी सोडली तर वजन धाडकन आदळेल. पाटाचे दार कमी उघडून जसे आपण पाणी आवरतो, तशी तेलाची वाट अरुंद करणारी ही झडप, म्हणजे फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह. पुष्कळ ट्रॅक्टरांत तिची मूठ सीटखाली पुढच्या बाजूस असते.

साध्या झडपेत वजन चौपट झाले तर उतरण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणून हलक्या कुळवावर बसवलेला वेग जड पलटी नांगराला चालत नाही; अवजार बदलले की मूठही पाहावी. मोठ्या यंत्रांत स्प्रिंगची आणखी एक झडप जोडलेली असते. ती वजन बदलले तरी वेग सारखा राखते.

मात्र ही झडप वेग आवरते, वजन धरून ठेवत नाही. जॅक आणि झडप यांच्यामधला पाइप फुटला तर तिचा काहीच उपयोग नाही. म्हणून उचललेल्या ट्रॉलीखाली केवळ तेलाच्या भरवशावर कोणीही जाऊ नये. ट्रॉली रिकामी करून, भक्कम लोखंडी टेकू लावूनच काम करावे.

दुसरा धोका फार थोड्यांना माहीत आहे. या पाइपांत दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ते दोनशे किलो दाब असू शकतो. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही, पण कातडी भेदून आत शिरते. जखम काटा रुतल्यासारखी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखत नाही. काही तासांत हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. अशा वेळी हळद लावून किंवा शेक देऊन थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात ताबडतोब जावे, सहा तासांच्या आत तर नक्कीच, आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून पाहावी. पाइप खोलण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन-चार वेळा हलवून दाब काढावा. जोडताना तोंडे स्वच्छ पुसावीत, कारण आपल्या काळ्या रानातील धुळीचा कण झडपेत अडकला की ती नीट बसत नाही. तेल दुधासारखे दिसू लागले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे.