सोन्याआधी पीठ

समजा, तुम्ही सिअ‍ॅटलमधल्या एका पेढीवर कारकून आहात. १७ जुलै १८९७, शनिवार. सकाळी ‘पोर्टलंड’ ही आगबोट धक्क्याला लागते आणि तिच्यातून दाढ्या वाढलेली, विटक्या कपड्यांतली माणसं उतरतात. त्यांच्या घोंगड्यांच्या वळकट्यांत, पिशव्यांत, पेट्यांत सोनं असतं. टनभर सोनं आलं, असं वर्तमानपत्रं छापतात. १८९३ च्या मंदीतून लोक अजून सावरलेले नाहीत. ट्राम चालवणारे ट्राम सोडून निघतात. शहराचे महापौर विल्यम वूड तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत होते. त्यांनी तिथूनच तारेनं राजीनामा धाडला. महापौर निघाला, तर कारकुनानं काय म्हणून थांबावं?

जायचं होतं कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नदीच्या खोऱ्यात, क्लोंडाइकला. आणि तिथं जायचं म्हणजे आधी किराणा भरायचा. १८९७ च्या हिवाळ्यात तिकडच्या डॉसन गावात उपासमारीची वेळ आली, तेव्हा कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी सरहद्दीवर नियम लावला : वर्षभराचं अन्न बरोबर असेल तरच पुढं पाऊल टाका. दुकानदारांच्या याद्या तयारच होत्या. पीठ १८० किलो, खारवलेलं डुकराचं मांस ९० किलो, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे ४५ किलो, साखर तेवढीच. शिवाय सुकी फळं, कॉफी, तंबू, शेगडी, करवत, खिळे, कुदळ. सगळं मिळून टनभर. आपल्याकडच्या पन्नास किलोच्या पोत्यांनी मोजलं तर वीस पोती. सोनं लुटायला निघालेला माणूस प्रत्यक्षात हमाल होऊन निघाला होता.

अलास्काच्या किनाऱ्यावरच्या डाईपासून बेनेट सरोवरापर्यंत चिलकूट खिंडीची वाट जेमतेम ५३ किलोमीटर. पण एका खेपेला पंचवीस किलो उचललं तर खेपा चाळीस. चाळीसदा जायचं, एकोणचाळीसदा परत यायचं. कागदावर हा हिशेब चार हजार किलोमीटरच्या वर जातो, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं चालणं रिकाम्या पाठीनं! सपाटीवर घसरगाडी होती, पैसे असतील तर हमालही मिळत. ही वाट मुळात त्लिंगिट लोकांची, जुन्या व्यापाराची. आता ते पाठीवर ओझी वाहायला मागतील तो भाव घेत. शेवटच्या चढावर मात्र बहुतेकांची गाठ स्वतःच्याच पाठीशी. तिथं बर्फात दीड हजाराच्या आसपास पायऱ्या खोदलेल्या होत्या, एका वेळी एक पाऊल मावेल एवढ्या. पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवायची नि चढायचं. दम लागला म्हणून रांगेतून बाजूला झालात, तर परत रांगेत शिरायला फट मिळण्याची वाट बघायची. वर पोचल्यावर ओझं बर्फात टाकायचं, जागेची खूण म्हणून काठी रोवायची आणि बसून घसरत खाली यायचं. दुसऱ्या दिवशी काठीही बर्फाखाली. ३ एप्रिल १८९८ ला याच वाटेवर हिमकडा कोसळून साठाहून अधिक माणसं गेली. शेजारच्या व्हाइट पासमध्ये तीनेक हजार घोडे मेले. त्या वाटेला पुढं मेल्या घोड्यांची वाट असंच नाव पडलं.

बेनेटला पोचलं की नाव बांधायची, तीही आधी झाड तोडून आणि फळ्या कापून. ओंडका उंच मचाणावर, एक माणूस वर, एक खाली, मधे लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा, वरच्याचे हात भरून आलेले, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा अंग चोरतोय. जन्माचे मित्र इथं वैरी झाले. वाटणी करताना पोती मोजून घेण्याऐवजी पिठाचं प्रत्येक पोतं मधोमध कापणाऱ्या जोडीचा किस्सा सांगतात. खराखोटा देव जाणे, पण हिवाळाभर एका तंबूत राहिलेल्याला तो खोटा वाटणार नाही.

मे १८९८ च्या अखेरीस सरोवराचा बर्फ फुटला आणि हजारो ओबडधोबड नावा सुटल्या. जूनमध्ये त्या डॉसनला लागल्या आणि तिथं उलगडा झाला. सोनं सापडलं होतं ऑगस्ट १८९६ मध्ये, जॉर्ज कारमॅक, स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली यांना, रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात. पुढं त्याला बोनान्झा म्हणू लागले. नदी गोठल्यामुळं बातमी बाहेर पडायला अकरा महिने लागले, आणि तेवढ्यात आसपासच्या जुन्या खाणवाल्यांनी चांगले ओढे खुंट्या ठोकून आपले करून टाकले होते. पोर्टलंड धक्क्याला लागली त्या सकाळीच तुमच्या वाट्याचं काही उरलेलं नव्हतं!

उरली मजुरी. जमीन बारमाही गोठलेली, म्हणून हिवाळ्यात रात्री खड्ड्यात जाळ करायचा, सकाळी राख उपसून वितळलेली माती काढायची, की पुन्हा जाळ. असं करत खडकापर्यंत उतरायचं. धुरानं डोळे जात. वर काढलेला ढीग पुन्हा गोठून दगड होई. वसंतात ओढे वाहू लागले की लाकडी पन्हळीतून तो धुवायचा. हिवाळाभर काय उपसलं, हे खरं तेव्हा कळे.

क्लोंडाइक हे नाव तिथल्या ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांच्या शब्दाचा अपभ्रंश आहे, आणि त्या शब्दात आहे हातोड्याचा दगड : सामन माशांसाठी नदीत खुंट ठोकायचा. त्याच मासेमारीच्या जागेवर गर्दी उतरली. त्यांचे प्रमुख आयझॅक आपली माणसं घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला राहायला गेले. गोल्ड रशच्या कथांत हे सहसा एका वाक्यात उरकतं, इथंही उरकलंच.

सुमारे एक लाख माणसं घरून निघाली असं मानतात, त्यातली तीस-चाळीस हजार पोचली. सोनं हाती लागलं ते चारेक हजारांच्या. एकविसाव्या वर्षी निघालेला, पुढं लेखक झालेला जॅक लंडन दात हलवणारा स्कर्व्ही घेऊन परतला. जुन्या मुरलेल्या माणसाला तिकडं ‘सावरडो’ म्हणत, म्हणजे आंबवलेलं पीठ. पावासाठी आंबवणाचा गोळा गोठू नये म्हणून तो रात्री अंथरुणात घेऊन झोपायची रीत होती, त्यावरून.

आणि नवखे? त्यातले कित्येक ओढ्यांकडे फिरकलेही नाहीत. डॉसनच्या चिखलातून काही दिवस नुसते हिंडले. मग नदीकाठी आपला माल मांडून बसले. चाळीस खेपांनी वर चढवलेलं पीठ, साखर, खिळे, मिळेल त्या भावानं. परतीच्या बोटीचं भाडं जमवायचं होतं.