उपाशीपोटी साखर येते कुठून?

सकाळी रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसलेल्या मधुमेही माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘रात्री दोन भाकऱ्या आणि भाजी खाल्ली, गोडाला हात लावला नाही. मग उपाशीपोटी शुगर १६० कशी?’ झोपताना ग्लुकोमीटरवर १४० दिसले होते, तेही तो सांगतो. घरचे त्याच्याकडे संशयाने बघतात. रात्री उठून काहीतरी खाल्ले असणार! हा आळ बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. ती साखर बाहेरून आलेलीच नसते. यकृताने रात्रभरात ती रक्तात सोडलेली असते.

यकृत असे का करते, हे कळायला थोडा हिशेब पाहावा लागेल. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असते, चहाच्या चमच्यात मावेल एवढे. एकट्या मेंदूला मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. आपण सात-आठ तास झोपतो तेव्हा ही भर कोणीतरी घालत राहिले पाहिजे. यकृत ही त्यासाठीची कणगी आहे. पोटभर जेवणानंतर तिच्यात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठवणीतला प्रकार, साठलेले असते. स्नायूंत याच्या कितीतरी पट साठा असतो, पण तो रक्तात परत सोडण्यासाठी लागणारे विकर स्नायूंकडे नाही. त्यांचा साठा त्यांनाच उपयोगी. साठ किलो वजनाच्या माणसाचे यकृत रात्री तासाला साधारण ७ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडते. साठा घटू लागला की लॅक्टेट, अमिनो आम्ले आणि चरबीतून सुटलेले ग्लिसरॉल यांपासून ते नवे ग्लुकोज बनवते.

किती सोडायचे, हे ठरवते स्वादुपिंड. जठरामागे आडव्या पडलेल्या या अवयवाचा बहुतांश भाग पाचकरस तयार करण्यात गुंतलेला असतो. त्यात विखुरलेली सुमारे दहा लाख सूक्ष्म पेशीबेटे वजनाने जेमतेम एक-दोन टक्के भरतात. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पॉल लांगरहान्सने १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्यांचे काम काय, हे त्याला उमगले नव्हते. वीस वर्षांनी स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा पहिला धागा हाती लागला. १९२१-२२ मध्ये टोरांटोत बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांनी इन्सुलिन मिळवले. मरणाच्या दारातली मुले त्या इंजेक्शनने उठून बसली. वैद्यकाच्या इतिहासात इतका निर्विवाद चमत्कार क्वचितच घडला असेल.

त्या झगमगाटात एक निरीक्षण झाकोळले गेले. स्वादुपिंडाचा अर्क टोचल्यावर साखर खाली येण्याआधी काही वेळा थोडी वर जायची. अमेरिकेतील रॉचेस्टरमध्ये किंबॉल आणि मर्लिन यांनी १९२३ मध्ये या उलट्या परिणामामागच्या घटकाला ग्लुकॅगॉन हे नाव दिले; पण पुढे कित्येक वर्षे बहुतेकांनी त्याला इन्सुलिनमधली अशुद्धता मानले. सदरलंड आणि डी ड्यूव्ह या दोघांनी १९४८ मध्ये तो घटक बेटांमधल्या अल्फा पेशींतून येत असावा, असे दाखवून दिले. हे संप्रेरक यकृताच्या पेशीत आपला निरोप कसा पोहोचवते, याचा माग काढताना सदरलंड यांना चक्रीय एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या सापडला आणि १९७१ चे नोबेल मिळाले. ज्याला अशुद्धता म्हणून बाजूला सारले, त्याच्या अभ्यासातून जीवशास्त्रातले एक मूलभूत सत्य निघाले.

आता चित्र असे दिसते. बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, अल्फा पेशी ग्लुकॅगॉन. दोन्ही आधी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात, म्हणून त्यांची सर्वांत तीव्र मात्रा यकृताला मिळते. ग्लुकॅगॉन सांगते, साखर सोड. इन्सुलिन सांगते, थांब, साठव. इन्सुलिन फक्त जेवणानंतरच लागते, हा समज खोटा आहे. दिवसभरातल्या इन्सुलिनपैकी जवळपास निम्मे जेवणाशी संबंध नसलेल्या वेळी, थेंबाथेंबाने पाझरत असते. यकृताला रात्री आवर घालते ते हेच. शेजारच्या अल्फा पेशींनाही इन्सुलिन गप्प बसवते.

टाइप २ मधुमेहात हा आवर सैल होतो. यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, बीटा पेशी थकत जातात आणि ग्लुकॅगॉनचा जोर राहतो. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक त्यात भर घालतात. जेवणानंतर ग्लुकॅगॉन खाली यायला हवे, तेही अनेक रुग्णांत उतरत नाही. म्हणजे ताटातली साखर रक्तात येत असताना यकृतही आपली ओतत राहते. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताच्या याच ग्लुकोजनिर्मितीला लगाम घालते. सकाळचा आकडा वाढला म्हणून रात्रीचे जेवण आपल्या मनाने बंद करणारे बरेच जण असतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना हे धोक्याचे आहे. मध्यरात्री साखर एकदम कोसळू शकते. एकादशीच्या साबुदाणा खिचडीची तऱ्हा उलटी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तेव्हा स्वादुपिंडाच्या लेखी तो उपवास नसतो.

यकृत बेफाम का होते, याचे मोठे कारण त्यात साठलेली चरबी आहे, आणि ती फक्त जाड्या माणसांत नसते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असूनही आतून चरबी बाळगणारे भारतीय शरीर यापेक्षा नेमके कोणी दाखवलेले नाही. आपला मधुमेह पोटाचा घेर पाहून ओळखता येईल, या भ्रमात आपण राहू नये असे मला मनापासून वाटते.

ग्लुकॅगॉनच दाबून टाकले तर? संशोधक रॉजर उंगर यांनी हयातभर हा प्रश्न लावून धरला. त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की, ग्लुकॅगॉनची हाक ऐकू न येणाऱ्या उंदरांच्या बीटा पेशी रसायनाने नष्ट केल्या, तरी त्यांची साखर वाढत नाही. पुढे बीटा पेशी जवळजवळ पूर्ण संपवल्यावर मात्र हे संरक्षण टिकले नाही. थोडे तरी इन्सुलिन हवेच. ग्लुकॅगॉन अडवणारी औषधे माणसांना देऊन पाहिली, तेव्हा साखर उतरली, पण यकृतात चरबी वाढली. कारण या संप्रेरकाला दुसरेही काम असते: यकृतातली चरबी जाळायला लावणे. म्हणून आता संशोधक उलट वाटेने निघाले आहेत. रेटाट्रुटाइड हा रेणू इन्सुलिनला बळ देणाऱ्या आतड्यांतल्या दोन संप्रेरकांच्या जोडीला ग्लुकॅगॉनचा निरोप टिपणारा ग्राहीही चालू करतो. मानवी चाचण्यांत त्याने वजनाबरोबर यकृतातली चरबीही मोठ्या प्रमाणात घटवली आणि रक्तातली साखर वाढू दिली नाही.