पोवळ्यांची बेटे

आम्ही वरसे-रोहे भागातली माणसे. किनारा म्हटला की कुंडलिकेच्या खाडीचा चिखल, खारफुटी आणि गढूळ पाणी, एवढेच आमच्या डोळ्यांपुढे येते. आयुष्य कामगार चळवळीत गेले. शास्त्राची ओळख झाली ती शाळेत नव्हे, वाचनालयात. तरीही पोवळ्यांच्या बेटांविषयी चार शब्द सांगावेसे वाटतात, कारण ही बेटे म्हणजे श्रमाचीच कथा आहे.

आपल्या देशातील अशी बेटे म्हणजे लक्षद्वीप. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटरांवर ती अरबी समुद्रात पसरली आहेत. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. मनुष्यवस्ती दहा बेटांवर. २०११ च्या शिरगणतीत तेथे ६४ हजारांवर लोक होते. डोंगर नाही, नदी नाही, उंची समुद्रसपाटीपासून काही मीटर.

मग ही जमीन आली कोठून? पोवळे हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो मऊ अंगाचा, बहुधा काही मिलिमीटरांचा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो बुडाशी कठीण घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा पोवळ्यास देते. पोवळे त्यास आसरा आणि खत पुरवते. हा संसार चालावयाचा तर पाणी उथळ, उबदार आणि स्वच्छ हवे. आमच्या खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात गाळ येऊन पडतो. तेथे तो उभा राहत नाही.

चार्ल्स डार्विन याने १८४२ च्या ग्रंथात याची उपपत्ती मांडली. ज्वालामुखीचा डोंगर सावकाश खचतो, पण त्याच्या कडेची पोवळी उजेडासाठी वर वर बांधीत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि कंकणासारखे कडे उरते. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे खोल भोके पाडली, तेव्हा बाराशे मीटरांहून जाड चुनखडीखाली ज्वालामुखीचाच खडक लागला.

कड्याच्या आत शांत पाणी असते, आणि कड्यावर वाळू साचून बेट होते. ही वाळू म्हणजे मुख्यतः पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा भुगा. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून शेवाळ खातो. पोटात गेलेला चुना बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. हिरवी कासवे आतल्या पाण्यात समुद्रगवत चरतात, आणि माद्या रात्री पुळणीवर खड्डा करून अंडी घालतात. कवरत्तीजवळच्या पिट्टी या पुळणीवर एकही झाड नाही. तेथे सुरय पक्षी उघड्या वाळूवरच वीण घालतात.

परंतु पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर पोवळे आतले शेवाळ बाहेर टाकते व पांढरे पडते. पाणी वेळेवर निवाले तर सावरते. नाही तर उपासमारीने मरते. लक्षद्वीपावर १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठे आघात झाले. १९९८ ते २०२२ या काळात पाहणीतील खडकांवरची जिवंत पोवळी जवळजवळ निम्म्यावर आली. बांधणारे थांबले तरी झिजविणाऱ्या लाटा थांबत नाहीत. बंगाराम कंकणातील परळी-एक हे निर्मनुष्य बेट तर झिजून नाहीसेच झाले आहे.

हे सारे दूरचे वाटेल. पण विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर समुद्राच्या पोटात पोवळ्यांचे पठार आहे. माथा सुमारे वीस मीटर पाण्याखाली. त्याचे नाव आंग्रिया बँक, आपल्या कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांवरून पडलेले. त्यावर बेट नाही. पण पोवळी तीच आणि तापणारा समुद्रही तोच.

समुद्र तापतो तो मुख्यतः कोळसा आणि तेल जाळल्याने. कारखाने बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. त्यांवर आमच्या चुली पेटतात. मात्र बॉयलरमध्ये काय जाळावयाचे, हा एकट्या मालकाचा प्रश्न नव्हे. वेतन आणि बोनस यांच्या जोडीने तोही मागणीपत्रात यावा, असे आम्हांस वाटते.